न दुखणारे पाच खडे

करावे गावात पुतळा धवलारणीला कुणी "बरी हायस ना गो?" असं विचारलं, की ती गप्प राही. उत्तर दिलं की औषध मिळे, आणि औषधांचा तिला वीट आला होता. एकसष्ट सालच्या शिमग्यात ती मिठागराच्या बांधावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. बांध केवढा, तर गुडघ्याएवढा. खाली काय, तर मऊ चिखल. त्या चिखलात म्हशी लोळतात, त्यांचं काही मोडत नाही. पुतळाचं मोडलं, आणि त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक माणसाला आपण वैद्य असल्याचा साक्षात्कार झाला.

पहिली धावत आली थोरली जाऊ, गंगूवयनी. गंगूवयनीला देवानं दोन माणसांचा आवाज दिला होता आणि अर्ध्या माणसाचं ध्यान. तिनं करावे गावात वाटीभर मीठ मागितलं तर पलीकडं दिवाळे गावातली कोळीण घरात वाटी शोधू लागे.

"मी बोलली नव्हती? बोलली नव्हती मी? त्या बांधावर जाव नको..." एवढं बोलून ती थांबली. "नाय, ते मी दुसऱ्या कुनाला बोलली. पन बोलली होती."

पुतळाचा नवरा कान्हा मिठागरावर कामाला होता. भला माणूस, पण समोरचा जे शेवटचं बोलेल तेच त्याचं मत.

"मुंबईला नेऊ काय हिला?" त्यानं विचारलं.

"मुंबईला कशाला? आपला नामा वैदू मेलाय काय?" गंगूवयनी म्हणाली.

"नामा वैदू मेलाय काय," असं पुतळाला बजावून कान्हा नामाला आणायला निघालाही.

नामा वैदू प्रश्न स्वतः विचारी आणि उत्तरही स्वतःच देई. दुसऱ्याला मध्ये फट मिळत नसे. "हाड म्हंजे काय? चुना. हाड मोडलं म्हंजे काय? चुना सरला. मग करायचं काय? चुना घालायचा." त्यानं बांबूच्या कामट्या लावून मनगट बांधलं आणि कालवांच्या शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याची निवळी रोज सकाळी दुधातून द्यायला सांगितली. चुना पाण्यात भिजवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं. ते काम गंगूवयनीनं अंगावर घेतलं. आयुष्यात कधी कुठली गोष्ट वेळेवर न केलेली ही बाई निवळी मात्र कोंबडा आरवायच्या आत घेऊन दारात उभी राही.

"प्याली काय?"

"प्याली."

"सगली?"

"वयनी, पेला उलटा करून दावू काय?"

"दाव."

दोन महिने निवळी झाली. मनगट जुळायचं नाव घेईना. उलट पुतळाचं अन्न तुटलं, चार चार दिवस पोट साफ होईना, पाटावरून उठायचं तर मांड्यांत त्राण नसे. तहान तर दोन वर्षं आधीपासून होती, ती आता अशी लागे की रांजणाजवळच बसून राहावं. प्यावं आणि लगेच परसात जावं, यावं आणि परत प्यावं. लोकांचं म्हणणं पडलं की बाई सुस्तावली. गंगूवयनीचं म्हणणं पडलं की निवळी कमी पडते. कान्हाचं म्हणणं, "निवळी कमी पडते."

हे सगळं पुतळानं सोसलं असतं, पण पुढं लग्नसराई होती.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण बसल्याशिवाय काही हलत नाही. हळद, घाणा, तेलवण, प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, वेगळा, आणि तो तिनं म्हटला तरच तो विधी झाला. सगळ्यात मोठं काम आवतणाचं. गावदेवीपासून सुरुवात करून एकेका देवाला, मग त्या घरातल्या एकेका गेलेल्या माणसाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. कागद नाही, पाटी नाही. चाळीस घरांचे देव आणि चाळीस घरांचे पितर पुतळाच्या डोक्यात होते. सासूनं तिला ते एकेक करून घोकवले होते, आणि तेरा वर्षांत एक नाव कधी गळलं नव्हतं.

मांडवात तांदळानं मांडलेल्या चौकाजवळ बसलं की धवला संपेपर्यंत उठायचं नाही, ही रीत. एका विधीतून दुसरा निघतो आणि सकाळची दुपार होते. म्हणून लग्नाच्या दिवशी पुतळा पाण्याचा थेंब घेत नसे. इतर वेळी रांजण संपवणारी बाई त्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटलेली घेऊन गायची. सलग सहा लग्नं झाली तर सहा दिवस तसेच.

वैशाखात धर्मराज पाटलाच्या मुलाचं लग्न निघालं. पुतळा गळ्यात बांधलेला हात घेऊन चौकापुढं बसली. देव झाले. पितरांना लागली. पणजा बोलावला, पणजी बोलावली, चुलत पणजा बोलावला, आणि पुढं डोकं एकदम कोरं झालं. तिनं ओळ परत घेतली. परत तिथंच कोरं. शेवटी तिनं पुढचं नाव धरलं आणि धवला पुरा केला. नवऱ्या मुलाचा सख्खा आजा, म्हणजे धर्मराजचा बाप, आवतणावाचून राहिला.

लग्नात मग काय काय झालं ते सगळं त्या म्हाताऱ्याच्या नावावर लागलं. भात खाली लागला, म्हातारा रागावला. नवऱ्याचं पोट बिघडलं, म्हातारा रागावला. मांडवातला बकरा दोर तोडून नेरूळच्या वाटेनं पळाला, तोही म्हाताऱ्यानंच सोडला.

तिसऱ्या दिवशी धर्मराज दारात येऊन उभा राहिला. तो हळू बोलायचा आणि म्हणूनच भीती वाटायची. "पुतलाबाय, तुमचा हात मोडलाय, आमी काय बोललो नाय. पन माझ्या बापाला तुमी दारात उभा ठेवला. डोकं चालत नसंल तर तपासून घ्या. नायतर पुढच्या सालाला आमी दुसरी धवलारीन बघू."

"दुसरी धवलारीन बघू," कान्हाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि त्यानं जीभ चावली. पण त्यामुळंच एक चांगलं झालं. पुतळानं त्याच्याकडं असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी तो गंगूवयनीला न विचारता होडी ठरवून आला. होडीनं ट्रॉम्बे, तिथून बस, आणि मुंबईतलं मोठं सरकारी हॉस्पिटल.

तिथे डॉक्टर सबनीस नावाचे सर्जन होते. ते छापील पुस्तकासारखं बोलत. त्यांचं वाक्य सुरू झालं की क्रियापद येईपर्यंत माणसानं बसून घ्यावं. "बाई, आपल्या हस्तास्थींच्या क्ष-किरण चित्रात जी झीज आम्हांस आढळून आलेली आहे, ती केवळ पडण्यामुळे झालेली असण्याची शक्यता अत्यल्प आहे."

"म्हंजे मोडलाय ना?" पुतळा म्हणाली.

"मोडलाय. पण का मोडला, हा प्रश्न आहे. आपण काही औषधे घेत होता का?"

"चुन्याची निवली. दुधातून."

डॉक्टरांचं वाक्य पहिल्यांदा आखूड झालं. "चुना पीत होता?"

"आनि लग्न असलं की पानी पीत नाय. दिसभर."

"पाणी पीत नाही," डॉक्टर म्हणाले. हुबेहूब कान्हासारखे.

त्यांनी रक्त घेतलं. दोन दिवसांनी परत घेतलं. मग पोटाचा फोटो काढला आणि प्लेट उजेडावर धरून दाखवली. कण्याच्या दोन्ही अंगांना पांढरे ठिपके. डावीकडं तीन, उजवीकडं दोन. "मूतखडे. दोन्ही मूत्रपिंडांत."

पुतळानं आपल्या कुशी चाचपल्या. "मना तिकडं कायच दुखत नाय."

"या विकारात ते पुष्कळदा लपूनच असतात. रोग्यास पत्ता लागत नाही. म्हणूनच आम्ही मुद्दाम शोधतो."

"तुमचं चुकलंय काय तरी. ही प्लेट दुसऱ्या कुनाची."

असं म्हणायला तिला कारण होतं. शेजारच्या खाटेवर म्हसळ्याची मेहरुन होती. तिला एक खडा होता, एकच, वाटाण्याएवढा. कळ आली की मेहरुन गादी दातात धरी आणि सगळ्या वॉर्डाला आपल्या सासरच्या माणसांची यादी ऐकवी, नावासकट आणि शिव्यांसकट. खडा म्हणजे हे. खडा असेल तर माणूस असा लोळणार.

"पाच खडे आनि तू केळी खातंस?" मेहरुन तिला म्हणाली. "मला एकानं आडवी केली गो बाय. तुझे नसतील ते."

"तेच मी बोलते. पन ऐकतो कोन?"

पुतळानं हट्ट धरला. फोटो परत काढा, आणि माझ्या पायातलं एक जोडवं पोटावर ठेवून काढा, म्हणजे फोटो माझाच हाय हे मना कळंल. एक्स-रेवाला म्हणाला, असलं चालत नाही. परिचारिका म्हणाली, असलं चालत नाही. डॉक्टर म्हणाले, "प्लेट वाया जाईल, पण बाईंची शंका तरी जाईल. काढा." प्लेट आली. खाली बेंबीजवळ जोडव्याचं पांढरं कडं, ठसठशीत. आणि वर, डावीकडं तीन, उजवीकडं दोन.

मेहरुननं ती प्लेट हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. "बाय, हे तुझेच," ती म्हणाली, आणि प्लेट पुतळाच्या हातात दिली.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि क्रियापद लवकर आणायचा खराच प्रयत्न केला. गळ्यात मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात चुना किती असावा ते त्या बघतात. तुमची एक जांभळाएवढी फुगली असावी आणि ती हाडांतला चुना ओढून रक्तात सोडते आहे. म्हणून हाड मोडलं. तोच चुना डोक्याला सुस्ती आणतो, म्हणून नाव विसरलं. तोच लघवीतून जाताना मूत्रपिंडात बसतो, त्याचे खडे झाले. वरून तुम्ही निवळी घातलीत आणि पाणी तोडलंत. खडे दुखत नाहीत हीच अडचण आहे. ज्याचे दुखतात तो माणूस डॉक्टरकडे येतो. न दुखणारे खडे मूत्रपिंड खाऊन टाकतात आणि मग सांगतात.

"मग काढा खडे."

"खडे नाही काढायचे. ती ग्रंथी काढायची. गळ्यातून."

पुतळा उठून बसली. "हाड मोडलं हाताचं. खडे कमरेत. आनि कापनार गला. रोग रेड्याला नि औषध पखालीला, हे आमच्याकडं हसायला बोलतात, डॉक्टर. तुमी ते करून दावताय."

"ग्रंथी तिथेच आहे, त्यास माझा इलाज नाही."

"मी धवलारीन हाय."

डॉक्टरांना ते काय असतं ते सांगायला तिला दुपार लागली. त्या ग्रंथींना लागूनच आवाजाची शीर जाते. ती दुखावली तर आवाज बसतो, हे त्यांनी लपवलं नाही.

"तुमी किती गले कापलेत?"

"या विकारासाठी आठ. सात जण पूर्वीसारखे बोलतात. एकीचा आवाज बसला, तो बसलाच."

"ती एक मना दाखवा."

"सात जणांना का भेटत नाही?"

"सात जनांचं काय करू? बरं झालेलं मानूस बरं झालो एवढंच सांगनार. मना बिघडलेली पाहिजे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. असली मागणी त्यांच्याकडे कुणी केली नव्हती, आणि त्यांना ती आवडली नव्हती हे दिसतच होतं. पण गुरुवारी ती बाई तपासणीला आली तेव्हा त्यांनी तिला वॉर्डात पाठवलं. कमळी तिचं नाव, गिरणीकामगाराची बायको. कागदावर कागद घासावा तसा तिचा आवाज.

पुतळानं तिला खाटेवर बसवलं. "तुमच्या घरातली मानसं सांगा. मेलेली पन धरून."

"कशाला?"

"सांगा तर."

कमळी सांगू लागली. सासरा, सासऱ्याचा बाप, दोन दीर, बाळंतपणात गेलेली नणंद. आवाज खरखरीत, जेमतेम हातभर जाणारा. पण पुतळानं पाहिलं, ते असं की पलीकडच्या खाटेवरची मेहरुन कुशीवर वळून ऐकत होती, तिच्या पलीकडची म्हातारी उठून बसली होती आणि पाणी द्यायला आलेली आया तांब्या हातात घेऊन थांबली होती.

"ऑपरेशनच्या आधी विसरत होता काय?"

"विसरत? चुलीवर भात ठेवून मी घरभर भात शोधायची."

"आनि आता?"

"आता सासू एकोणपन्नास साली काय बोलली ते पण आठवतं. काही सुख नाही त्यात."

कमळी गेल्यावर कान्हा भेटीच्या वेळेला आला. निघताना त्याला गंगूवयनीनं पढवलं होतं. "वयनी बोलतात, गला कापू देऊ नको. गला गेला तर धवला गेला. घरी ये, निवली बंद करू."

"आनि तुमी काय बोलता?"

कान्हा घाबरला. शेवटचं कोण काय बोललं होतं, ते त्याला आठवेना. "मी... तू बोलशील ते."

"मग ऐका. आवाज बसला तर लोक पुढं सरून ऐकतील. नाव गेलं तर ते कुनाला ऐकू येनार? धर्मराजचा बाप माझ्या डोक्यात होता, आनि मनाच मिलाला नाय. परत तसं झालं तर मी स्वतःच्या पायानं चौकातून उठीन. सांगा डॉक्टरला, कापा म्हनून."

ऑपरेशन झालं. जांभळाएवढी म्हणाले होते, ती चिकूच्या बीएवढी लांबट निघाली. दुसऱ्या दिवशी पुतळाच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं वाकडी होऊ लागली, आणि परिचारिका सुई घेऊन धावली.

"काय टोचताय?" पुतळानं विचारलं. विचारलं म्हणजे ओठ हलले आणि वारा निघाला.

"कॅल्शियम. रक्तातला चुना खाली गेलाय. हाडं आता सगळा ओढून घेतायत."

पुतळानं डोळे मिटले. दोन महिने चुना पाजला म्हणून ओरडले, आता तोच शिरेतून घालतायत. बोलायला आवाज असता तर तिनं या हॉस्पिटलाला चांगलंच सुनावलं असतं. आवाज नव्हता, म्हणून डॉक्टरांचं नशीब.

निघताना डॉक्टरांनी सांगितलं की खडे आहेत तिथेच आहेत, पण आता वाढू नयेत. दिवसाला तीन तांबे पाणी, लग्न असो की मर्तिक असो. आवाज तीन महिन्यांत येईल तेवढा येईल.

तो आला, पण अर्धाच. मनगट मात्र जुळलं, पोट सुधारलं, मांड्यांत बळ आलं, आणि एका दुपारी मासळी साफ करताना चाळीस घरांचे देव आणि पितर एका मागून एक आपणहून डोक्यात येऊन बसले. पुतळानं कोयता खाली ठेवला आणि दारं लावून आवतणाचा धवला धरला. खालचे सूर निघाले, घोगरे पण सरळ. वर चढायला गेली की आवाज चिरून जाई. तिनं पाच वेळा चढून पाहिलं. मग कोयता उचलून परत मासळीला लागली.

मार्गशीर्षात धर्मराज पाटील आला. आता धाकट्या मुलाचं लग्न होतं. त्यानं धवल्याची सुपारी पुढं केली, पण हातातून सोडली नाही.

"बापाचं नाव घ्या," तो म्हणाला.

पुतळानं घेतलं. त्याच्या बापाचं, बापाच्या भावाचं, आणि लहानपणी खाडीत गेलेल्या आत्याचं, जे खुद्द धर्मराजलाही आठवत नव्हतं.

धर्मराजनं सुपारी बोटांत फिरवली. "नावं हायत. पन पुतलाबाय, दोनशे मानूस मांडवात असनार. मागच्याला ऐकू कसं जायचं?"

हातभर जाणारा आवाज घेऊन दोनशे माणसांत बसायचं कसं, हे पुतळा चार महिने स्वतःला विचारत होती. तेवढ्यात परसातून गंगूवयनीचा आवाज आला. शेजारच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या.

"कोन आयलाय गो? पाटील काय? बसवलंस काय त्यांना? च्या टाकू?"

धर्मराजनं परसाकडं पाहिलं. पुतळानं धर्मराजकडं पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते तिला कळलं.

"ती नको," ती म्हणाली.

"आवाज हाय."

"आवाजच हाय फक्त. मधे ध्यान जातं तिचं."

"ध्यान तुमचं, आवाज तिचा," धर्मराज म्हणाला आणि सुपारी पाटावर ठेवली.

लग्नाच्या दिवशी चौकापुढं दोन पाट मांडले होते. पुतळाच्या उजव्या हाताला पाण्याचा तांब्या होता आणि डाव्या हाताला गंगूवयनी. पुतळा खालच्या आवाजात ओळ सांगे, आणि गंगूवयनी ती अशी फेके की मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळचा माणूसही मान हलवी. गावदेवी झाली, खाडीवरचे देव झाले. दोनदा गंगूवयनी मध्येच थांबून "त्या नव्या सुनेनं पातळ काय नेसलंय बघ," असं त्याच सुरात म्हणाली, आणि पुतळानं तिच्या मांडीला चिमटा घेतला. पितर लागले. पणजा, पणजी, चुलत पणजा. मग पुतळानं धर्मराजच्या बापाचं नाव सांगितलं आणि गंगूवयनीनं ते दोनशे माणसांवरून खाडीपर्यंत पोचवलं. धर्मराजनं डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

यादी संपली. पुतळानं धवला पुरा करायला तोंड उघडलं, तोच गंगूवयनीनं न सांगितलेलं एक नाव घातलं. कामोठ्याच्या, तिच्या माहेरच्या, तळ्यावरच्या म्हसोबाला तिनं आवतण देऊन टाकलं.

"यो कोन?" पुतळा दातांखालून म्हणाली. "मी सांगितला होता काय?"

"राह्यला होता बिचारा," गंगूवयनी म्हणाली. "बोलव ना त्यालाबी. काय जातं तुझं?"

एकदा बोलावलेल्या देवाला परत पाठवता येत नाही. पुतळानं तांब्या उचलून दोन घोट पाणी घेतलं, खालच्या आवाजात म्हसोबाची ओळ बसवली आणि पुढचा धवला धरला. तेव्हापासून गावात लग्न कुणाच्याही घरचं असो, कामोठ्याचा म्हसोबा हजर असतो.